उजव्या हाताला

झाकण उचलून तपासनिसांनी मान खाली घातली, डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला. वाफेचा ओलावा तेवढा नाकपुड्यांना लागला. त्यापलीकडे काहीच नव्हते. त्यांनी झाकण जपून पूर्ववत ठेवले आणि डावा हात किंचित हलवला.

"इथंही नको?" जावई म्हणाला. "बाबा, दुसरं हॉटेल झालं हे. किनारा संपला की होडी करून बेटावर जायचं का जेवायला?"

"गप रे," कन्या म्हणाली. "पस्तीस वर्षं मासळी तपासलीय त्यांनी. ते नको म्हणाले म्हणजे नको. सातव्या महिन्यात मला काही बाधलं, तर तूच रडत बसशील."

"मी कुठं नाही म्हणतोय? पोटातले कावळे ऐकत नाहीत, एवढंच."

चार दिवसांच्या या सहलीचा हट्ट कन्येचाच होता. किनाऱ्यालगत हॉटेलांची रांग होती आणि दुपारच्या वेळी प्रत्येकाच्या दारात समुद्री जेवणाच्या बुफेचा फलक लागलेला असे. निवड कोणी करायची, हा प्रश्न या कुटुंबात उद्भवणेच शक्य नव्हते.

मासळीच्या घाऊक बाजारात तपासनिसांचा शब्द कधी कोणी ऐकला नव्हता, कारण ते निकाल बोलून दाखवतच नसत. बोलले की वाद वाढतो, असे त्यांचे मत. टोपलीपुढे बसायचे, माशाचा डोळा पाहायचा, कल्ला उचलायचा, अंगठ्याने पाठ दाबायची आणि सर्वांत शेवटी वास घ्यायचा. चांगला माल उजव्या हाताला, वाईट डाव्या. विकणारे शिव्या देत, गयावया करत; तपासनिसांचे हात आपले काम निमूटपणे करत राहत. ही रीत पुढे घरातही आली. फळे, वह्या, कापडाचे तुकडे, सारे डावे-उजवे होई. या जावयाचा फोटो मात्र दिवसभर टेबलाच्या मधोमध पडून होता आणि संध्याकाळी कोणाचे लक्ष नसताना तो उजवीकडे सरकला, ही गोष्ट घरात अजून हसून सांगितली जाई.

आज ती गोष्ट सांगणाऱ्यांतली एक व्यक्ती नव्हती. दोन वर्षांपूर्वी तापाने पतिपत्नी दोघेही एकदमच अंथरुणाला खिळले. पत्नी त्यातून उठली नाही. तपासनीस उठले, परंतु त्यांचे घ्राणेंद्रिय मागेच राहिले. कामावर परतल्या दिवशी पहिल्या टोपलीवर ते वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. डोळ्यांना माल निर्दोष दिसत होता. पण डोळा कुठे फसतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? महिन्याभरात गुडघ्यांचे कारण सांगून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती पत्करली. लोकांनी ते दुःखाच्या खाती घातले. त्यांनीही घालू दिले.

सांगायचे टाळण्याला आणखी एक कारण होते आणि ते या क्षणीही त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होते. पत्नीची लोकरीची शाल, प्लास्टिकमध्ये घट्ट गाठ मारून ठेवलेली. अधूनमधून ते ती चेहऱ्याशी धरत. तिचा गंध शालीतून उडून गेला, की केवळ आपल्यालाच पारखा झाला, हे कळायला मार्ग नव्हता. विचारावे, तर नाकाचे सांगावे लागणार. शिवाय उत्तर काय येईल, याची त्यांना भीती वाटे.

तिसऱ्या हॉटेलात बर्फावर अख्खे मासे मांडलेले पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. इथे डोळ्यांवर भागणार होते.

"काका, हात नका लावू हं," स्वयंपाकी म्हणाला. "कुठला पाहिजे, सांगा."

"कल्ला उचला जरा."

स्वयंपाक्याने कल्ला उचलला. आत ताजा लाल रंग होता. "काका, धंद्यातले दिसताय."

तपासनिसांचा उजवा हात हलला. "हा भाजा."

ते टेबलाशी जावयाजवळ येऊन बसले, एवढ्यात कन्या बशी घेऊन आली. बशीत रश्श्यातली कोळंबी होती. "बाबा, ही बघा ना. किती दिवसांपासून मन जातंय हिच्यावर."

ते वाकले. कोळंबी दिसायला तकतकीत होती; पण शिजलेल्या, मसाल्यात बुडालेल्या मालाचा डोळ्यांना काय पत्ता लागणार? डावा हात हलवला की सुटका होती. दोनदा झाली होतीच. पण मघाची ती दोन हॉटेले त्यांच्या मनातून जाईनात. चांगल्या मालाला आयुष्यात कधी त्यांनी डावीकडे टाकले नव्हते. आज कदाचित दोनदा टाकले.

"मने," ते म्हणाले. लहानपणी मासळीबाजारात मांजरासारखी बसून राहणाऱ्या मुलीचे ते नाव होते. "मला वास येत नाही."

"सर्दी झालीय?"

"दोन वर्षं झाली."

जावयाचा पुढे गेलेला हात थांबला. कन्या समोरच्या खुर्चीवर बसली. "मग मघाची हॉटेलं?"

"न कळताच नको म्हटलं. चांगलीही असतील."

"आणि गुडघे?"

"गुडघे ठणठणीत आहेत."

एरवी उत्तराला न चुकणारा जावई पाणी आणतो म्हणून उठून गेला. कन्येने बशी आपल्याकडे ओढली. "या दिवसांत मला शेजाऱ्यांचा साबणसुद्धा घरबसल्या कळतो. कसा घ्यायचा वास, सांगा."

"वाफ जाऊ दे आधी. मग एकदाच घे. दुसऱ्यांदा नाक आपल्या मनासारखं बोलायला लागतं."

तिने वाट पाहिली, मग वाकली. "मसाल्याच्या खाली काहीतरी आहे. नाकात टोचतंय."

तिनेच बशी डाव्या हाताला सरकवली.

भाजलेला मासा उत्तम होता. जावयाने दोनदा वाढून घेतला आणि तोंड भरलेले असतानाच म्हणाला, "बाबा, तपासनिसाची जागा घरातच राहिली म्हणायची." तपासनीस हसले. मग त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

"मने, अजून एक तपासायचंय."

गाठ सुटायला वेळ लागला. कन्येने शाल पाहिली आणि हात पदरालाच पुसले. "आईची."

"एकदाच घे. मनाचं काही सांगू नकोस."

ती वाकली. समुद्रावरून वारा येत होता, म्हणून तिने दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. तपासनिसांची नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती, हातांवर होती. टोपलीपलीकडे बसलेली माणसे पस्तीस वर्षे आपल्या हातांकडे कशी पाहत असतील, हे त्यांना आज कळले.

बराच वेळ तिने मान वर केली नाही. मग शालीची नीट घडी घातली आणि ती उजव्या हाताला ठेवली.