बांधावरची बाभळ

"गिळू नको, घोळव! तोंडात घोळव म्हणते ना!"

सासूनं वाटी तोंडाला लावली, आणि नातीनं बाभळीच्या सालीचा नि कडुनिंबाचा सगळा काढा आजीच्याच अंगावर थुंकला.

"ही तुझ्या लाडाची फळं," सासू सुनेवर उखडली. "माझ्याकडं बघ. या वयात दातांनी ऊस सोलते. कशाच्या जोरावर?"

"आई, पण किती कडू आहे हो!"

"औषध आहे ते, पाहुणचार नाही."

रोज झोपायच्या वेळी हाच तमाशा. दिवसभर खुरपून सुनेची कंबर मोडलेली, त्यात हे रडगाणं. एका संध्याकाळी सासू गोठ्यात होती. सुनेनं काढ्यात दोन चमचे साखर ढवळली. साखरेनं औषधाचा गुण थोडाच जातो, असा तिचा हिशेब. पोरीनं काढा मिटक्या मारत घोळवला, वाटी चाटली आणि तशीच झोपली.

"बघ, धाक लागतो," सासू म्हणाली. सून गालात हसली, आणि काढा करायचं काम तिनं आपल्याकडंच घेतलं.

कापणी होईतो पोरीची दाढ काळी पडली. सासू हादरली. "साल जून झाली असेल," म्हणत ती काटे टोचून घेत बांधावरच्या बाभळीची कोवळी साल काढून आली. "आता सकाळीपण देत जा."

सकाळीपण साखर पडली. खरं तर सुनेनं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण सासूच्या जिभेचा पट्टा तिला ठाऊक होता, आणि ऐन वेळी तिची दातखीळ बसली.

मग गाल टम्म सुजला. पोर तळमळायला लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी दाढ उपटली आणि विचारलं, "गोड फार खाते का?"

"छे हो! रोज काढा देतो आम्ही," सासू छातीठोकपणे म्हणाली. सून पोरीचे केस सारखे करत राहिली.

परतताना शेजारणीनं दारातूनच टोमणा मारला, "काय हो, गावाला साल वाटता आणि नातीचीच दाढ गेली?"

सासू तडक घरात शिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लाकूडतोड्याला बांधावर नेलं.

"आई, राहू द्या ना," सून मागं धावली. "सावली तरी देते ती."

"खोटारडी निघाली. जन्मभर हिची साल उकळून लोकांना दिली मी. माझे दात नशिबानं टिकले म्हणायचे." सासूचे डोळे भरले होते. सून सावलीबद्दल बोलली, गुरांच्या शेंगांबद्दल बोलली. सांगायचं तेवढं सोडून सगळं बोलली. दुपारी बाभळ आडवी झाली.

दोन-तीन दिवसांनी सूज ओसरली. चुलीपाशी बसलेल्या आजीच्या मांडीवर पोर चढली.

"आजी, ते गोड पाणी का देत नाही आता?"

"गोड?"

"आई साखर घालायची ते."

सासूनं सुनेकडं पाहिलं. सुनेच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. आता सासू आपल्या सात पिढ्या उद्धरणार, म्हणून ती खाली मान घालून उभी राहिली. तसं झालं असतं तर बरंच वाटलं असतं तिला.

"चार दिवस आधी बोलली असतीस," सासू हळू म्हणाली, "तर शिव्या देऊन मोकळी झाले असते गं मी."

तिनं पोरीला मांडीवरून खाली उतरवलं.

"चूल विझतेय. लाकूड घाल."

सुनेनं बाभळीचं लाकूड आत सारलं. ओलंच होतं. घरभर धूर झाला, पण दोघींपैकी कुणीही उठून दार उघडलं नाही.