चौदा किलोची मोळी

मी जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. टांगायचा. वर कडी, खाली हूक, मधे गोल पितळी तबकडी आणि पोटात स्प्रिंग. आता तबकडी हिरवी पडली आहे. सुई सहावर येऊन अडते, टिचकी मारली की पुढे सरकते. या वयात एवढं चालायचंच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते वरोऱ्याच्या कापूस बाजारातलं एक टिनाचं शेड. तिथे मी कापसाची गाठोडी तोलत असे. तिथले दिवाणजी, भैयाजी, येईल त्याला सांगत, "ह्या काट्यावर शंका घेऊ नोका. हा लबाड नाई." हे ऐकलं की माझी स्प्रिंग आणखी ताठ होई. खरं सांगायचं तर मला थोडा गर्वच झाला होता. मग शेडमध्ये मोठा जमिनीवरचा काटा आला आणि मी खिळ्याला लटकून धूळ खाऊ लागलो.

तिथून मला सोडवलं रामटेके सरांनी. सर गडचिरोलीच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवत. चौऱ्याऐंशी सालची दिवाळी होती. सरांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन गडचिरोलीला नेलं. असा मान मला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला त्यांनी सांगून ठेवलं होतं, की प्रत्येकानं आपला विषय आपण निवडायचा, लोकांत जाऊन माहिती काढायची, पुस्तकातून उतरवलेलं चालणार नाही. कुणी दारूचा विषय घेतला, कुणी शाळा सोडलेल्या मुलींचा. कमळा नावाच्या मुलीनं मोळी विकणाऱ्या बायांचा घेतला. या बाया जंगलातून सुक्या लाकडाची मोळी डोक्यावर आणून गावात विकत. बाई रोज किती ओझं वाहते, ते कमळाला मोजायचं होतं. म्हणून सरांनी मला तिच्या हवाली केलं.

हाच विषय का घेतला, ते तिनं वर्गात सांगितलं नाही. तिची आई अंजनाबाई स्वतः मोळी विकत होती.

दर सोमवारी सकाळी कमळा मला गावाबाहेरच्या मोहाच्या फांदीला टांगी. सोबत तिची वर्गमैत्रीण सीता, आकडे लिहायला. थंडीचे दिवस, दोघींच्या तोंडून वाफा निघत. बाया येत, मोळी हुकाला लावत, मी वजन सांगे. तेरा, पंधरा, चौदा. काय दिवस होते ते! इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे डोळे लावून बघत होतं.

पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी मात्र कमळा आईला म्हणाली होती, "सोमवारी तू त्या वाटेनं नको येऊ, आई. सीता असते माह्यासंग."

मी त्यांच्या घरात आढ्याला टांगलेला होतो, म्हणून ऐकलं. अंजनाबाई फक्त "बरं" म्हणाली. दर सोमवारी ती लांबच्या पांदणीनं वळसा घालून गावात जाऊ लागली.

असे आठ सोमवार गेले. अहवाल येत्या शनिवारी द्यायचा होता. रविवारी दुपारी कमळा दारात बसून मोठ्यानं वाचत होती, "मोळीचं सरासरी वजन, चौदा किलो."

अंजनाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "चौदा? चौदा किलोले मोळी म्हणते का वो कोणी?"

"काट्यानं सांगितलं, आई. काटा खोटा नाई."

"काटा खोटा नाई. बाया भेल्या. वहीत लिवलं का जंगल खात्यात जाते, असं त्याइले वाटते. अर्धी मोळी बांबूच्या बेटामागं लपवते अन् अर्धी तुले दाखवते. तू घरी आली का माघारी जाऊन उरलेली आणते. बुधरी तर दर सोमवारी बाजारात उशिरा पोहोचते."

"तुले ठाव होतं? मंग सांगितलं काऊन नाई?"

"तूच म्हटलं ना, त्या वाटेनं येऊ नको."

कमळानं वही मिटली. मित्रांनो, मला त्या आढ्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सांगितलेला एकूण एक आकडा खरा होता, आणि तरी सगळी वही खोटी होती. वर आमच्या मोजण्यापायी त्या बायांना दुहेरी पायपीट घडत होती.

दुसऱ्या दिवशी मोहाखाली नेहमीच्या बाया जमल्या होत्या. तेवढ्यात वाटेच्या वळणावरून अंजनाबाई आली. भली मोठी मोळी, मान ताठ, पाय भराभर. ती थेट माझ्यासमोर थांबली. "घे, लाव काटा."

दोघींनी मोळी उचलून लावली. माझी फांदी वाकली. सुई चौदा ओलांडून गेली, वीस ओलांडून गेली आणि एकतीसवर थांबली.

सीतानं लिहायला पेन्सिल काढली. "ह्या कोण? नाव काय लिहू?"

कमळानं एकदा आईकडे पाहिलं. "अंजनाबाई," ती म्हणाली. "माही आई आहे."

मग ती बायांकडे वळली. "ही वही सरकडं जाते, जंगलवाल्याकडं नाई. तुमचं एकीचंही नाव ठेवत नाई मी. फक्त आईचं राहू द्या." आणि तिनं वहीतली बाकीची सगळी नावं त्यांच्यादेखत खोडली.

बुधरीनं खोडलेली नावं वाकून पाहिली. मग बांबूच्या बेटाकडे गेली आणि आपली उरलेली मोळी घेऊन आली. तिच्यामागून दुसऱ्याही गेल्या. त्या सकाळी मी अठ्ठावीस सांगितले, तेहतीस सांगितले, सव्वीस सांगितले. इतकं खरं मी जन्मात बोललो नव्हतो.

कमळा मला फांदीवरून सोडवू लागली, तर अंजनाबाईनं तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवली. "काट्यावर पाह्यलं. आता डोक्यावर पाहून घे."

मोळी चढताच कमळानं ती दोन्ही हातांनी सावरली. आणि ती निघाली. वाट कॉलेजच्या फाटकासमोरून जात होती. सायकली धरून उभी असलेली मुलं वळून बघू लागली. सीता शेजारून चालत होती. आणि मी होतो अंजनाबाईच्या हातात. त्या हाताला घट्टे होते, पण धरणं किती हलकं! फाटकाशी तिनं मला कमळाकडे दिलं आणि मोळी परत आपल्या डोक्यावर घेतली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "चुकलेले आठ सोमवार फाडू नकोस," ते म्हणाले. "का चुकले, तेही लिही." त्यांनी मुदत वाढवून दिली आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

पुढे कमळा पोंभुर्ण्याला शिक्षिका झाली. सर निवृत्त झाले. मी कॉलेजच्या कपाटात अहवालांच्या गठ्ठ्यावर पडलो आहे. कधी उंदीर येतात, कधी भंगारवाल्याला बोलवायची गोष्ट निघते. मुलं अजूनही प्रश्नांचे छापील कागद घेऊन गावोगाव जातात. त्यांच्या गप्पा मला कपाटातून ऐकू येतात आणि जीव हळहळतो.

मित्रांनो, मला पुसा, स्प्रिंगला थेंबभर तेल द्या. मी अजून खरं सांगेन. पण मला घेऊन निघाल तेव्हा आधी लोकांशी बोला. तुमच्या मोजण्यानं कुणाची वाट लांबते का, ते विचारा. आणि आपल्याच घरातलं माणूस दुसऱ्या वाटेनं पाठवू नका.

माझ्याखाली तो लाल बांधणीचा अहवाल आहे. त्याच्या पहिल्या पानावर कमळाच्या अक्षरात लिहिलं आहे: मोळी पहिली. वजन एकतीस किलो. वाहणारी, अंजनाबाई, माझी आई. त्याखाली तिनं आणखी एक ओळ लिहिली आहे: फाटकापर्यंत मी.