मायसेटिझम आणि रुखमाबाईचा पुडा

सिंदेवाहीच्या पलीकडे एका ग्रामीण रुग्णालयात मी कारकून होतो. आमच्या नोंदवहीत सापासाठी रकाना होता, विंचवासाठी होता, पिसाळलेल्या कुत्र्यासाठीही होता. टेकोड्यांसाठी नव्हता. टेकोडे म्हणजे पावसाळ्यातली रानातली अळंबी. ती खाऊन कोणी आलं तर मी त्याला ‘इतर’मध्ये घालत असे. सरकारच्या दृष्टीने माणूस ‘इतर’ असला की त्याचं फारसं बिघडत नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात मनसाराम आपली बायको गोकुळा हिला बैलबंडीत घालून घेऊन आला. मनसाराम त्या रात्री तलावावर मासे धरायला गेला होता. सासू रुखमाबाई भावाच्या गावी. घरात एकटी असलेल्या गोकुळाने सांजच्याला टेकोडे रांधले, सातला जेवली आणि पहाटे पाचला ओकाऱ्या सुरू झाल्या.

डॉक्टर उपळेकर सांगलीकडचे, नवे, पुस्तक उघडून बसणारे. त्यांनी सलाईन लावलं आणि केसपेपरवर एक शब्द लिहिला.

“बिमारी कोनती हाय साहेब?” मनसारामने विचारलं.

“मायसेटिझम. ग्रीक लोक अळंबीला मायकेस म्हणत. त्यावरून अळंबीच्या विषबाधेला हे नाव पडलं.”

मनसारामचा चेहरा उजळला. एवढ्या लांबून आलेल्या नावाची बिमारी घरात निघाली म्हणजे औषधही तेवढंच भारी असणार, असा त्याचा हिशेब. मीही मान डोलावली. मला ‘इतर’च्या पुढे कंसात लिहायला काहीतरी मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळा उठून बसली. चहा मागितला. नवऱ्याच्या विस्कटलेल्या केसांवरून त्याला टोमणाही मारला. मनसारामने लगेच बंडी जुंपली.

“मला नागपूरला पाठवायचंय हिला,” डॉक्टर म्हणाले. “हे बरं वाटणं फसवं असू शकतं. यकृत नंतर जातं.”

“असू शकते म्हंजे? हाय का नाई?”

डॉक्टर पुस्तकाची पानं उलटू लागले. टेकोडा त्यांनी पाहिलाच नव्हता, आणि गोकुळाने ताटात एकही उरवला नव्हता.

“हे पाय, हासून राह्यली ते,” मनसाराम म्हणाला. “बऱ्या मानसाले नागपूरले कोन नेते?”

तेवढ्यात पहिल्या एसटीने रुखमाबाई उतरली. हातात पळसाच्या पानाचा पुडा, पदराला चिखल. तिने ना मुलाला विचारलं ना डॉक्टरांना. सरळ सुनेजवळ गेली.

“टेकोडे उखडले का मोडले?”

“मोडले,” गोकुळा म्हणाली. “घाई होती.”

“वारुळावरचे होते?”

“नाई. बाजूच्या झाडाखालचे. दिसाले तसेच होते.”

रुखमाबाईने टेबलावर पुडा उघडला. निरोप मिळताच ती रात्रीच घरी परतली होती, आणि पहाटे वारुळाशेजारच्या झाडाखाली ताजे मोडलेले देठ पाहून तिथे उरलेला एक टेकोडा तिने खुरप्याने मातीसकट काढून आणला होता. पांढरा, देखणा, आणि बुडाशी फाटक्या वाटीसारखं कवच.

“वारुळावरच्याले लांब मूळ रायते साहेब. याले वाटी हाय, हा जहरी. मोडला तर वाटी मातीत रायते, म्हून मी कोनाले मोडू देत नाई. माही बहीन असाच खाऊन दुसऱ्या दिवशी भात मागून राह्यली होती. चवथ्या दिवशी डोळे पिवळे झाले.” मग मुलाकडे वळून म्हणाली, “बंडी सोड बापू. जीप बोलाव.”

मनसारामने बैल सोडले.

डॉक्टरांनी पुस्तकातलं चित्र काढलं. पुड्यातला टेकोडा चित्रातलाच, पण चित्रापेक्षा स्पष्ट होता. मग आपली खुर्ची उचलून त्यांनी रुखमाबाईसमोर ठेवली. सरकारी रुग्णालयात डॉक्टरची खुर्ची सरकलेली मी नोकरीत तेवढी एकदाच पाहिली. बाई मात्र बसली नाही. पुडा पुन्हा बांधून ती जीपमध्ये सुनेशेजारी चढली.

नागपूरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी गोकुळाचे डोळे पिवळे झाले. पण तेव्हा ती मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती, आणि पुडा त्यांच्या टेबलावर. विसाव्या दिवशी ती सासूबरोबर परतली, वाळलेली, पण चालत.

उपळेकरांनी केसपेपर पुन्हा मागवला. ‘मायसेटिझम’ तसंच ठेवलं आणि ‘निदान कोणी केलं’ या जागी लिहिलं: रुखमाबाई, शेती व मासेमारी. वरून कोणी विचारलं नाही.

पुढच्या श्रावणात गोकुळा टोपलीभर टेकोडे घेऊन आली, प्रत्येकाला हातभर मूळ आणि गावची अर्धी माती.

“उखडून आनले,” ती म्हणाली. “सासूने पाह्यले हायत.”

डॉक्टरांनी एकही तपासला नाही. दोन वेळा मागून खाल्ले.