विनामोबदला

लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्यांच्या दुकानात ‘देण्याघेण्याच्या’ साड्यांचा ढीग वेगळा असतो. त्यातली साडी कुणी स्वतःसाठी घेत नाही. ऋतिकानं स्वतःच्या शालूला दोन तास दिले आणि आत्यासाठी या ढिगातली वरून तिसरी उचलली.

“आत्याला चालेल. शी इज सो सिंपल!”

आपल्या माणसांचा साधेपणा आपल्याला नेमका खर्चाच्या वेळी आठवतो.

आत्या म्हणजे बायडाबाई, ऋतिकाच्या वडिलांची, मांजरीच्या जयसिंगरावांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून त्या हडपसरला चार घरी पोळ्या लाटतात. वडिलांच्या मागे राहिलेल्या रानाच्या सातबाऱ्यावर मात्र भावाइतकंच त्यांचंही नाव. तिथं आता बिल्डर इमारत उठवणार होता, आणि त्या पैशात ऋतिकाचं लग्न. मुलाकडच्यांनी काहीच मागितलं नव्हतं. ‘तुमच्या मानानं करा,’ एवढंच म्हणाले होते. तेव्हापासून जयसिंगरावांचा मान रोज वाढत होता.

मंगळवारी सगळे निबंधक कार्यालयात गेले. बहिणीनं नवी साडी नेसून यायचं, हक्कसोडपत्रावर सही करायची, मग सगळ्यांनी हॉटेलात जेवायचं. गावातल्या झाडून साऱ्या बहिणींनी हेच केलं होतं. ऋतिकाला साक्षीदार म्हणून आणलं होतं.

“मावशींचा अंगठा ना?” कारकुनानं विचारलं.

“सातवी पास हाय मी.” बायडाबाईंनी चष्मा लावला आणि अक्षरावर बोट ठेवून वाचू लागल्या. “‘स्वखुशीने, भावावरील प्रेमापोटी, विनामोबदला…’ जया, हे कुणी लिवलं रं?”

“वकिलानं. समद्यांचं तसंच असतंय, अक्का.”

“चांगलं लिवलंय.” पेन हातात घेऊन त्या थांबल्या. “एक इचारू? नाय केली सही, तर दिवाळीला न्यायला येशील का?”

जयसिंगरावांनी भिंतीवरच्या टोकनच्या आकड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आकडा बदलत नव्हता.

तेवढ्या वेळात ऋतिकाला बोलता आलं असतं. तिला लॉन्सचं बुकिंग आठवलं.

बायडाबाईंनी सही केली. छान, गोल अक्षरात.

मग पेन ऋतिकापुढे आलं. तिनं ते घेतलं नाही.

“मी नाही करणार, पप्पा.”

“आता? अगं, तिनं केली की!”

“म्हणूनच.”

“तमाशा नको इथं.” जयसिंगरावांनी रांगेतल्या एका अनोळखी माणसाला खुणेनं बोलावलं. “कुठं करायची?” एवढंच विचारून त्यानं, एक ओळही न वाचता, सही ठोकली. अर्ध्या मिनिटाचं काम.

परतताना ऋतिकाचा धाकटा भाऊ समर्थ गाडी चालवत होता. “भारी ड्रामा केलास, तायडे! तुझ्या हक्कसोडीला साक्षीदार मी आधीच बघून ठेवतो.”

जयसिंगराव मोकळेपणी हसले. बायडाबाईही हसल्या.

“माझी सही तुला मिळणार नाही, समर्थ,” ऋतिका म्हणाली.

हसणं थांबलं. बायडाबाईंनीच घाबरून तिचा हात धरला. “असं बोलू नये पोरी. भावाला असं तोडू नये.”

“तोडतंय कोण, आत्या?”

ज्यांच्या सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव कमी झालं आहे, त्यांनी उत्तर द्यावं.