सर्वानुमते मंजूर

जमातीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त बशीर परकार आदल्या दिवशीच लिहून ठेवायचा. त्यात काही चुकतंय, असं त्याला कधी वाटलंच नाही. दापोलीकडच्या एका गावातून घाटकोपरला आलेल्या मुसलमान कुटुंबांची ही जमात. अध्यक्ष मुनीर मुकादम ठराव वाचायचे, पुरुष हात वर करायचे, अध्यक्ष एकेक चेहरा बघून घ्यायचे आणि सभा संपायची. बशीर सेक्रेटरी, आणि त्यांचा सख्खा भाचा. वडील गेल्यावर या मामूंनीच त्याला वाढवलं होतं.

यंदाचा ठराव होता, जमातीच्या हॉलमधली मुलींची अभ्यासिका बंद करून हॉल लग्नांना देण्याचा. बशीरची झोया तिथेच बारावीचा अभ्यास करायची. एका खोलीच्या घरात टीव्ही आणि धाकटी भावंडं असताना पोरीनं पुस्तक उघडायचं कुठे? तरीही शनिवारी दुपारी बशीरने लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर', आणि खाली सही ठोकली.

ते हुस्ना फुफीच्या नजरेला पडलं. ही त्याच्या वडिलांची बहीण, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. अभ्यासिका तीच चालवायची.

"सभा उद्या आहे ना रे? मग मंजूर कोणी केलं?"

"फुफी, आपल्यात असंच चालतं. मामूंपुढे कोण बोलणार?"

"आपल्यात म्हणजे? नऊ निवडणुकांत मी केंद्राध्यक्ष होते. बुरख्यातल्या बायका उन्हात दोन-दोन तास रांगेत उभ्या राहिलेल्या मी पाहिल्यात. त्यांना मत देता येतं. तुम्ही विचारत नाही. मशवरा करा, चार जणांचा सल्ला घ्या, असं आपला दीन, आपला धर्मच सांगतो, आणि तू मशवऱ्याआधी निकाल लिहून मोकळा झालास."

बशीरने इतिवृत्ताची वही मिटली.

रविवारी हॉल भरला. बायका नेहमीप्रमाणे पडद्यामागे. मामूंनी ठराव वाचला, हात वर जाऊ लागले आणि बशीर उठला.

"मामू, चिठ्ठ्यांवर मत घेऊ या. बायकांचंही."

मामूंच्या कपाळाची शीर ताठ झाली.

"तुला मी वाढवलं, बशीर. माझ्यावर भरवसा नाही?"

"आहे, म्हणून तुमच्यासमोर बोलतोय. या सभेचा निकाल मी कालच लिहून सही केली. मला त्याची लाज वाटते. चिठ्ठ्या नको असतील तर आत्ताच सेक्रेटरीपद सोडतो."

पडद्यामागून एक बाई म्हणाली, "आम्हाला चिठ्ठी द्या." मग दुसरी. मग पुरुषांतूनही आवाज आले. मामूंनी नुसता हात हलवला, घ्या म्हणून.

अभ्यासिका बंद करा, एकतीस. चालू ठेवा, चौऱ्याऐंशी.

मामूंनी आकडे दोनदा विचारले. पडद्यामागे बायका जेमतेम चाळीस होत्या.

"म्हणजे पुरुषांनीपण? मग मघाशी हात कशाला वर करत होतात?"

मागे बसलेला एक म्हातारा शिंपी हळूच म्हणाला, "मुनीरभाई, तुम्ही बघत होतात ना."

मामूंचा चेहरा उतरला. ते उभे राहिले.

"बावीस वर्षं मी समजत होतो, जमात माझ्यामागे आहे. जमात तर मला घाबरत होती! अभ्यासिका चालू राहील. आणि पुढल्या सभेत अध्यक्षही चिठ्ठ्यांवरच निवडा. मी उभा राहीन. पडलो तर पडलो."

मुसलमान समाजात लोकशाही रुजेल का, यावर आपण टीव्हीसमोर बसून तावातावाने वाद घालतो. मित्रहो, आपल्या सोसायटीत, आपल्या ज्ञातीच्या मंडळात शेवटचं मतदान कधी झालं, ते आधी आठवून बघा. ज्या सभेत माणसाला न घाबरता 'नाही' म्हणता येत नाही, तिथल्या होकाराला काडीची किंमत नसते, मग ती सभा कुणाचीही असो.