मामाची बंदूक आणि चेअरमनचं नाव

नगरकडच्या लग्नात आहेर माईकवरून पुकारतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. सावेडीतल्या एका कॉलनीनं शहाण्णव सालापर्यंत ही प्रथा वास्तुशांतीला आणि मुलांच्या वाढदिवसालाही लावली होती. देणाऱ्याचं नाव, गाव आणि हुद्दा पुकारायचा, मग सगळ्यांदेखत पुडकं फोडायचं. देणाऱ्याचा मान राहावा एवढाच हेतू. कुणाचा राहिला आणि कुणाचा गेला, ते माईक धरणाऱ्याच्या आवाजावरून कळायचं.

त्या कॉलनीतल्या शुभांगीचा धाकटा भाऊ गहिनीनाथ याचा मान याच माईकवर एकदा गेला होता. नेवाशाला त्याचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. तीन वर्षांपूर्वी बहिणीच्या वास्तुशांतीला त्यानं स्टीलचे पाच डबे आणले. शुभांगीचा नवरा अमृत पतसंस्थेत मॅनेजर आणि माईकची हौस त्यालाच. त्यानं "डबे, नग पाच" असं गोदामातला माल मोजावा तशा सुरात पुकारलं की मांडवभर हशा झाला. गहिनीनाथही हसला आणि जेवून गेला, पण नंतर सावेडीची पायरी चढला नाही. भाऊबीजेला शुभांगीच नेवाशाला जायची.

या वर्षी दिशानं, त्याच्या भाचीनं, स्वतः पत्र लिहिलं. मामा, माझ्या आठव्या वाढदिवसाला ये आणि स्पंजचे गोळे उडवणारी बंदूक आण. तसं पत्र आल्यावर मामा येणारच. आता या वेळीही लोक हसले, तर तो पुन्हा कधीच येणार नाही, हे शुभांगीला पक्कं माहीत होतं.

तो दुपारीच आला. स्वयंपाकघरात बसून त्यानं कापडी पिशवीतून बंदूक काढली. खोकं नाही, चित्र नाही. नुसती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. दांडा मागं ओढून पुढं ढकलला की फट्कन पिवळा गोळा उडे. शुभांगीच्या चेहऱ्याकडं बघून त्यानंच खुलासा केला.

"साठ रुपयाची हाय, आक्का. दुकानात दोनशेची हुती, चारशेचीबी हुती. समद्यांच्या नळीवर अंगठा दाबून दांडा ढकलून बघितला. महागाच्या दोन्हींतून हवा सुटत हुती. हिचं वॉशर घट्ट हाय. दुकानदार म्हनला, पाव्हनं, पंप घ्यायला आलात का काय."

पंप पारखणाऱ्यानं बंदूकही पंपासारखीच पारखली होती. शुभांगी बी.कॉम. होती. तिनं वॉशर ऐकलं नाही, साठ ऐकलं.

भेटवस्तूंना कागद लावायचं काम तिच्याकडंच होतं. पतसंस्थेचे चेअरमन आप्पासाहेब यांची भेट त्यांच्या ड्रायव्हरनं सकाळीच आणून दिली होती. तीही बंदूकच, कारण दिशानं भेटेल त्याला तेच सांगून ठेवलं होतं. पण केवढं खोकं! त्यावर इंग्रजी अक्षरं, गोऱ्या मुलाचं चित्र आणि चारशे पंचाहत्तरचं स्टिकर. आप्पासाहेबांनी वस्तू डोळ्यानं पाहिलेलीसुद्धा नाही, असं ड्रायव्हरच चहा पिता पिता बोलून गेला होता.

शुभांगीनं दोन्ही बंदुकांना सारखाच चमकीचा कागद लावला आणि नावाच्या चिठ्ठ्या बदलल्या. भावाचं नाव खोक्यावर, चेअरमनचं पिशवीवर. साहेबांच्या वस्तूला नावं ठेवायची कुणाची छाती नाही, आणि खोकं बघून भावाला हसायची सोय नाही. हिशेब अगदी चोख होता.

संध्याकाळी आप्पासाहेब येऊन बसले आणि अमृतनं माईक हातात घेतला. "आमचे मार्गदर्शक, चेअरमन मा. आप्पासाहेब यांच्याकडून!" कागद फाटला आणि आतून प्लॅस्टिकची पिशवी निघाली. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं, फॉरेनचा माल असाच येतो, पॅकिंगचा दिखावा नसतो. दुसऱ्यानं बंदूक हातात घेऊन सांगितलं की वजन किती बेताचं ठेवलंय बघा, मुलांच्या हाताला त्रास नको म्हणून. आप्पासाहेब विनयानं हसले. मुलांसाठी आम्ही क्वालिटी बघतो, म्हणाले.

नंतर श्रीमंत नावाच्या ठेकेदाराची अडीचशेची बंदूक झाली. मग, "गहिनीनाथ, मुक्काम नेवासा." खोकं निघालं. गहिनीनाथानं ते खोकं जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं बहिणीकडं पाहिलं. बहीण केकवरच्या मेणबत्त्या मोजत होती.

खोकं हातोहात फिरलं. हे स्टिकर कुठं छापून मिळतं हो, असं ठेकेदारानं विचारलं. गोऱ्या पोराचं चित्र बघून कुणी म्हणालं, नेवाशाला आता अशी पोरं होतात वाटतं. लोक हसले. डब्यांच्या वेळेपेक्षा जास्तच हसले.

मग दिशानं सरबताचे रिकामे ग्लास ओट्यावर रचले आणि तिन्ही बंदुका चालवून पाहिल्या. पिशवीतल्या बंदुकीनं तीन गोळ्यांत सगळे ग्लास पाडले. ठेकेदाराची बंदूक अर्ध्या वाटेत थकली. खोक्यातल्या बंदुकीतला गोळा दिशाच्या पायाशीच पडला.

"शेवटी नाव ते नावच," अमृत माईकवर म्हणाला. "आणि मेव्हणे, तुम्ही आपलं डब्यातच राहा."

 एका शब्दानं गहिनीनाथाला स्वतःची बंदूक परत घेता आली असती, पण मग बहिणीची लबाडी चारचौघांत उघडी पडली असती. तो उठला आणि आपली रिकामी कापडी पिशवी घेऊन दाराकडं निघाला.

तेव्हा शुभांगीनं नवऱ्याच्या हातून माईक ओढला! सगळ्यांना ऐकू गेलं. "चिठ्ठ्या मी बदलल्या. ग्लास पाडणारी बंदूक माझ्या भावाची आहे. साठ रुपयांची."

आता लोकांची मान खाली गेली असेल, असं तुम्हांला वाटेल. छे. ठेकेदारानं तीच बंदूक पुन्हा हातात घेतली आणि म्हणाला, तरीच हलकी लागत होती. प्लॅस्टिकला वास येतोय, असं कुणाला तरी जाणवलं. खोकं पुन्हा फिरलं, आणि या वेळी छपाई किती सुबक आहे ते सगळ्यांना दिसलं. गोळा पायाशी पडला ना, तर ती सेफ्टी आहे, असं आप्पासाहेबांनी समजावून सांगितलं. पडलेले ग्लास कुणीच मोजले नाहीत.

शुभांगी भावामागं फाटकापर्यंत धावली. खरं बोलले ना मी, म्हणाली.

"बोललीस, आक्का," तो म्हणाला. "ते लोक हसले त्याचं काय न्हाई. दुकानात गिऱ्हाईकबी आधी नावच बघतं, दांडा कोन ओढून बघतंय? पिकावर कीड पडली की मग कळतं. पन चिठ्ठी बदलताना तूबी दांडा ओढून बघितला न्हाईस. मी सांगत हुतो तुला."

तो रिक्षात बसून स्टँडकडं गेला.

पुढच्या वाढदिवसाला शुभांगीनं माईक लावू दिला नाही. तरी मामा आला नाही. नेवाशाच्या एसटीच्या कंडक्टरजवळ त्यानं कागदात गुंडाळून एक वॉशर पाठवलं. वर लिहिलं होतं, "जुनं झिजलं असंल." झिजलं नव्हतं. खोक्यातली बंदूक केव्हाच माळ्यावर गेली होती, मामाची मात्र रोज ग्लास पाडत होती. दुसऱ्या दिवशी दिशाला आणि बंदुकीला घेऊन शुभांगी नेवाशाला गेली. भाऊ दुकानात होता. त्यानं चहा सांगितला आणि आधी बंदुकीची तब्येत विचारली.

मंडळी, महाग ते चांगलं असं आपण मानतो, हा आपल्यावर उगाचच घेतलेला आळ आहे. आपण किंमतसुद्धा बघत नाही. आपण चिठ्ठीवरचं नाव बघतो, आणि मग त्या नावाला शोभेल तशी वस्तू पाहतो. वस्तू असो की माणूस, पारखायचं तर चिठ्ठी काढून ठेवावी आणि नळीवर आपला अंगठा लावावा. त्याला पैसे पडत नाहीत. कदाचित म्हणूनच कुणी लावत नसेल.