जजसाहेबांचं टर्नटेबल

जजसाहेब जन्मात कधी कोर्टाची पायरी चढले नव्हते. लिफ्टच्या कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. पण रविवारी दुपारी आमचं जॅझवेडं टोळकं त्यांच्या बैठकीत जमलं, की प्रत्येकाच्या रेकॉर्डवर शेवटचा निकाल तेच द्यायचे, म्हणून हे नाव. मला त्यांचा मनस्वी राग होता. त्यांच्या सोफ्यावर बसून, त्यांचाच चहा पीत मी मनातल्या मनात त्यांना कितीदा उभं-आडवं झोडपलंय, ते माझं मला माहीत.

टोळक्याचा नियम असा, की रेकॉर्ड कोणाचीही असो, ती वाजणार जजसाहेबांच्या टर्नटेबलवर आणि सुई ठेवणार ते स्वतः. मशीन जुनं, जड, धूळ पुसायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागायचा नाही. मग वाद सुरू. आमच्यातल्या केमिस्टचा जीव ड्रमवर, माझा पियानोवर.

"ड्रम नसेल तर ते जॅझ कसलं? अंगाई म्हण त्याला," तो म्हणायचा.

"आणि तुझं ते ऐकलं की भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखं वाटतं," मी म्हणायचे.

आमचं भांडून झालं की जजसाहेब चष्मा काढायचे आणि दोन वाक्यांत दोघांनाही गप्प करायचे. शेवटी त्यांची ती निळ्या पाकिटातली ट्रम्पेटची रेकॉर्ड लागायची. त्यात एका वळणावर ते बोट वर करायचे. "ऐका. रडता रडता हसला की नाही?" आणि खरंच, तिथे ट्रम्पेट खुदकन हसल्यासारखा वाटायचा. काकू, म्हणजे त्यांची बायको, आजारी असायची. ती खिडकीशी डोळे मिटून बसायची आणि त्या जागेला ट्रम्पेटबरोबर हसायची.

माझा दादा सॅक्सोफोन वाजवायचा. छापखान्यातली नोकरी सांभाळून, जीव ओतून. गाणं कोणत्या सुरात आहे यावर आमच्यात वाद झाला की त्यालाच विचारायचो, कारण त्याच्या कानावर सगळ्यांचा विश्वास. त्याने मित्रांबरोबर स्वतःची एक रेकॉर्ड काढली आणि पहिली प्रत घेऊन जजसाहेबांकडे आला. निळी रेकॉर्ड नुकतीच संपली होती. काकूच्या तोंडावर अजून हसू होतं. जजसाहेबांनी दादाची रेकॉर्ड लावली, अर्धी ऐकली आणि सुई उचलली.

"घाई. बस सुटेल म्हणून पळतोय असं वाटतं. आणि आवाज किती चिरका! सॅक्सोफोन आहे की शिट्टी?"

केमिस्ट फिदीफिदी हसला. दादा "बरं" म्हणाला. रेकॉर्ड पाकिटात घातली आणि निघून गेला. त्या आठवड्यात सॅक्सोफोन कपाटावर चढला तो पुन्हा खाली उतरला नाही. आईने विनवलं, मी भांडले, पण पठ्ठ्याने ताकास तूर लागू दिली नाही. रविवारचं येणंही बंद.

मी मात्र जात राहिले. काकू गेली तेव्हा भेटायलाही गेले, रडलेसुद्धा. पण डूख धरलेला तो धरलेलाच. मला एवढंच हवं होतं, की या माणसाने सगळ्यांसमोर आपले शब्द गिळावेत आणि दादाने सॅक्सोफोन खाली काढावा. दादाची रेकॉर्ड मी घरी नेहमी ऐकायचे. तिथे ती कशी निवांत, भरदार वाजायची! मग त्या घरात तिची शिट्टी कशी झाली, हे कोडं मला सुटत नव्हतं.

सुटलं ते नव्या मोबाइलमुळे. जजसाहेबांकडे वाजलेली एक पियानोची रेकॉर्ड मी सहज मोबाइलवर टिपून घेतली. तीच रेकॉर्ड माझ्याकडेही होती. घरी दोन्ही एकदम सुरू केल्या, तर मोबाइल केव्हाच पुढे निघून गेला. सूरही चढा. माझं मशीन मिस्त्रीकडून तपासून घेतलं. ते ठणठणीत होतं. म्हणजे जजसाहेबांचं टर्नटेबल पळत होतं, आणि आम्ही सगळे इतकी वर्षं त्याच्यामागे पळत होतो. केमिस्टने तर घरी रेकॉर्ड मंद वाजतात म्हणून स्वतःचं मशीन दोनदा दुरुस्तीला टाकलं होतं!

मी कोणाला काही बोलले नाही. वाट पाहिली. जजसाहेबांच्या घराला रंग काढायचं ठरलं आणि मी म्हटलं, "या रविवारी माझ्याकडे. तुमची निळी रेकॉर्ड तेवढी आणा."

आले. मी आधी दादाची रेकॉर्ड लावली, कोणाची ते न सांगता.

"वा," जजसाहेब म्हणाले. "घाई नाही, काही नाही. कोण आहे हा?"

"माझा दादा. तुमची शिट्टी."

त्यांना आठवायला वेळ लागला. मी थांबले नाही. त्यांचीच निळी रेकॉर्ड लावली. ते वळण आलं, त्यांचं बोट वर गेलं. ट्रम्पेट हसला नाही. नुसता रडला, आणि पुढे गेला. बोट तसंच हवेत राहिलं.

"परत लाव."

परत लावली. परत तेच.

"ही माझी नव्हे."

"तुमचीच आहे, पाकीट बघा. तो कधीच हसत नव्हता, जजसाहेब. तुमचं मशीन पळतं, म्हणून तसं वाटायचं."

केमिस्ट आपल्या दुरुस्तीच्या नावाने बोंब मारायला लागला. जजसाहेब एकदाच "मग ती..." म्हणाले आणि तिथेच थांबले. रेकॉर्ड न घेताच जिना उतरून गेले. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोटभर झाला.

तशीच दादाकडे गेले. तो पोरीच्या सायकलची साखळी बसवत होता. मी सगळं सांगितलं, नकलेसकट. वाटलं, आता उठेल, हात पुसेल आणि कपाटाकडे जाईल.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"मशीन पळतं ते. आमच्या पहिल्याच सुराला कळलं. मी काय बहिरा आहे?"

"मग तेव्हाच का नाही बोललास? तोंड शिवलं होतं तुझं?"

"काकू बसली होती ना. नुकतीच हसली होती ती." त्याने साखळी एकदा फिरवून पाहिली. "माझी रेकॉर्ड बरोबर म्हणायची, तर त्यांची निळी चूक ठरत होती. एवढी एकच गोष्ट उरली होती त्या बाईला."

"काकू जाऊन किती काळ झाला, दादा!"

"पण ते अजून ऐकतात ना तिच्यासाठी?"

यावर मला सुचलं ते इतकंच, की एवढा मोठेपणा करायचा होता तर सॅक्सोफोन कपाटावर कशाला टाकलास. तेही मी बोलले.

"शिट्टी म्हणाले ते लागलं गं," तो म्हणाला. "खोटं आहे हे माहीत असूनही लागलं."

मग त्याने हात पुसले. कपाटाकडे गेला नाही. फोन घेतला.

"जजसाहेब, मी बोलतोय. हो, सांगितलं तिने मला. अहो, तिचं मशीन मंद चालतं. मी स्वतः ऐकलंय. मिस्त्रीला काय कळतंय? तुमचंच बरोबर आहे." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. दादाने माझ्याकडे पाठ फिरवली. "माझी रेकॉर्ड? ती घाईतच वाजवली होती आम्ही. तुम्ही बरोबर बोललात तेव्हा."

मला तो फोन हिसकावून भिंतीवर आपटावासा वाटला. जजसाहेबांना मी आयुष्यात माफ करणार नव्हते, आणि आता त्यांच्या शेजारी दादालाही उभं करावं लागत होतं.

"रेकॉर्ड तिच्याकडेच राहिली ना?" दादा फोनवर म्हणाला. "आत्ता पाठवतो तिला. घेऊन येईल ती."